गिर्यारोहकांच्या बोटांवरील भेगा

अहवालाच्या उत्तरार्धात प्रतिवर्षी एक आरोग्यविषयक माहितीपर लेख द्यावा, असा आमच्या विश्वस्त मंडळाचा प्रघात आहे. यंदाचा विषय बैठकीत मांडला तेव्हा, "बोटाला पडलेली चीर हा काय लेखाचा विषय झाला?" असे एका ज्येष्ठ विश्वस्तांनी हसत विचारले. त्यांना आम्ही गेल्या हिवाळ्यातील एका रुग्णाची हकीकत सांगितली. तीच येथे प्रथम देतो.

औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात लेथवर काम करणारा हा तरुण मित्रांसमवेत कर्नाटकातील बदामी येथे प्रस्तरारोहणासाठी गेला होता. तेथील कडे लाल वालुकाश्माचे आहेत. त्या खडकावर दिवसभर बोटे रोवून चढणे म्हणजे त्वचा पॉलिशपेपरवर घासणेच होय. दुसऱ्या दिवशी त्याच्या उजव्या तर्जनीच्या अग्रभागी चीर पडली. जवळ योग्य पट्टी नव्हती, म्हणून वायरमन वापरतात ती काळी चिकटपट्टी गुंडाळून तो आणखी दोन दिवस चढला. परतल्यावर तेच बोट लेथच्या तेलात आणि लोखंडाच्या किसात राहिले. पुढे एका रात्री ठणका असह्य होऊन तो आमच्या तातडीच्या विभागात आला, तेव्हा बोटाचे टोक टणक, लालबुंद झाले होते आणि आत पू साठला होता. शल्यचिकित्सकांनी त्याच रात्री छेद घेऊन निचरा केला. बोट वाचले. मात्र दीड महिन्याचा रोजगार बुडाला, आणि ज्या बोटाने तो मायक्रोमीटरचा स्क्रू फिरवीत असे, त्याच्या टोकाची संवेदना पूर्वीसारखी राहिलेली नाही.

आम्ही जमाखर्चाच्या वह्यांत रमणारे. त्यामुळे पुढील वैद्यकीय माहिती आमच्या शल्य व त्वचारोग विभागांतील डॉक्टरांकडून समजून घेऊन लिहिली आहे.

तळहात व बोटांच्या पेरांवरील त्वचा बरीच जाड असते. तेथे घामाच्या ग्रंथी विपुल, पण तेलाच्या ग्रंथी मुळीच नसतात. म्हणजे इतरत्र त्वचेला जो नैसर्गिक स्निग्धपणा मिळतो, तो येथे मिळत नाही, आणि वरचा जाड थर लवचीक राहतो तो केवळ त्यातील पाण्याच्या अंशामुळे. हिवाळ्यातील कोरडी हवा हे पाणी शोषते. गिर्यारोहक पकड घट्ट राहावी म्हणून मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड हाताला लावतात. तिला ते चॉक म्हणतात, पण फळ्यावरच्या खडूशी तिचा संबंध नाही. तीही ओलावा ओढून घेते. त्यातच घर्षणाने घट्टे पडतात. कोरडा, जाड घट्टा ताण येताच वाकत नाही, तडकतो. ही चीर बहुधा घट्ट्याच्या कडेला किंवा सांध्याच्या घडीत पडते. वरच्या मृत थरापुरती असेल तर दुखत नाही. खालच्या जिवंत थरापर्यंत गेली की रक्त येते आणि मीठ-मसाल्याचा स्पर्शही सोसवत नाही.

अशा वेळी पहिले काम चढाई थांबवून हात धुण्याचे. साबण व पिण्यायोग्य पाण्याने पूड, माती पूर्ण काढावी. स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड वारंवार ओतू नये. त्यांनी जंतूंबरोबर भरून येणाऱ्या पेशीही दुखावतात. हळद, चुना, तंबाखू भरण्याची सवय आपल्याकडे अजून आहे. स्वयंपाकघरातील हळद कितीही गुणकारी मानली तरी ती निर्जंतुक नसते, आणि चिरेत बसलेली पूड धुऊन काढताना रुग्णाच्या डोळ्यांत पाणी येते, हे आमच्या ड्रेसिंग विभागातील भगिनी नित्य पाहतात.

यानंतर चिरेच्या काठांकडे पाहावे. काठ जाड व उभे असतील तर हालचालीगणिक चीर पुन्हा उघडते. नखे घासण्याच्या कानशीने ते हलकेच सपाट करावेत. सुटलेला पापुद्रा ओढून तोडू नये, स्वच्छ केलेल्या लहान कात्रीने कापावा. मग पेट्रोलियम जेलीचा पातळ थर देऊन जखम झाकावी. जखम उघडी टाकून वाळू द्यावी, खपली धरू द्यावी, ही समजूत आमच्या पिढीत पक्की होती. परंतु १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या त्वचेवरील प्रयोगांतून दाखविले की, झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेच्या सुमारे दुप्पट वेगाने येते. घरातील वडीलधाऱ्यांना हे पटविणे आजही सोपे जात नाही.

चढाईचा एखादा दिवस शिल्लक असेल आणि चीर उथळ व स्वच्छ असेल, तर झिंक ऑक्साइडची चिकटपट्टी वापरावी. त्यासाठी बोट कोरडे हवे, म्हणून सकाळी जेली पुसून घ्यावी. जखमेवर न चिकटणाऱ्या कापडाचा छोटा तुकडा ठेवून पट्टी गुंडाळावी. सांध्यावर बोट किंचित वाकवून इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे द्यावेत. नख निळसर झाले किंवा टोक बधिर वाटले तर पट्टी घट्ट आहे, ती लगेच सोडावी. रात्री पट्टी काढून, हात धुऊन पुन्हा जेली लावावी व सुती हातमोजे घालून निजावे. कोकणात भेगांवर कोकमाच्या बियांचे तेल कोमट करून लावतात. ते थिजलेले असते व त्वचेवर चांगला थर धरते. त्याला आमच्या त्वचारोगतज्ज्ञांची हरकत नाही. मात्र एकाच डबीत साऱ्या तंबूने बोटे बुडवू नयेत, आणि खोल, वाहत्या जखमेत कोणतेच घरगुती तेल घालू नये.

तरुण मंडळी चीर चिकटविण्यासाठी सर्रास झटपट गोंद वापरतात. शस्त्रक्रियेत वापरला जाणारा गोंद याच कुळातला असून, त्याच्या एका प्रकाराला अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने १९९८ मध्ये मान्यता दिली. पण दुकानातील गोंदाची घडण निराळी असते. तो सुकताना उष्णता सोडतो, ओल्या जखमेला झोंबतो आणि खाली घाण असेल तर ती आत कोंडतो. आमच्या शल्यचिकित्सकांचा त्याला स्पष्ट विरोध आहे. आम्हीही हिशेबी माणसाच्या नात्याने सांगतो की, पट्टीचे एक रीळ पाकिटातल्या किरकोळ रकमेत येते.

धनुर्वाताच्या लसीचा मुद्दा मोहिमेच्या धांदलीत विसरला जातो. लहानपणीचे डोस पूर्ण असले तरी दर १० वर्षांनी एक मात्रा घ्यावी. जखमेत माती-शेण गेले असेल आणि शेवटच्या मात्रेस ५ वर्षे उलटली असतील, तर पुन्हा घ्यावी. मधुमेही व्यक्तींनी, बोटांना बधिरता असल्यास, दुखण्यावर विसंबू नये. रोज उजेडात बोटे पाहावीत.

आता डॉक्टरांकडे केव्हा धावावे ते. ठणका वाढत जाऊन झोप मोडते, टोक टणक होते, लाल रेषा हाताकडे चढते, ताप येतो, यांपैकी काहीही दिसले तर मोहीम तेथेच सोडावी. अमेरिकन शल्यचिकित्सक ॲलन कानावेल यांनी स्नायुरज्जूच्या आवरणात पू झाल्याची जी लक्षणे सांगितली, ती आजही आमचे डॉक्टर तपासतात: संपूर्ण बोट सारखे सुजणे, ते अर्धवट वाकलेलेच राहणे, तळव्याच्या बाजूने रज्जूच्या रेषेवर दाबता दुखणे, आणि बोट सरळ करू जाता तीव्र कळ येणे. येथे सकाळची वाट पाहणे धोक्याचे असते. निचऱ्यास उशीर झाल्यास बोट कायमचे ताठ होऊ शकते. उलट, साधी चीरसुद्धा दोन आठवड्यांत भरली नाही तर ती इसब वा सोरायसिसची असू शकते. तिथे पट्टीचा उपयोग नाही, त्वचारोगतज्ज्ञ हवेत.

हे सारे केवळ डोंगरवेड्या तरुणांसाठी नाही. ओल्या सिमेंटमध्ये हात घालणारे गवंडी, ऊसतोड करणारी कुटुंबे, दिवसभर धुणीभांडी करणाऱ्या भगिनी याच भेगा घेऊन आमच्या बाह्यरुग्ण विभागात येतात. त्यांना 'चार दिवस काम थांबवा' हा सल्ला देता येत नाही, म्हणून काम चालू असता जखम झाकण्याची आणि रात्री हातांची निगा राखण्याची हीच रीत त्यांनाही शिकविली जाते.

तो तरुण टाके काढण्यास आला तेव्हा त्याने आमच्या औषधविक्रेत्याकडून सव्वा सेंटिमीटर रुंदीची पट्टी, जेली, कानस, छोटी कात्री, निर्जंतुक गॉज आणि पोव्हिडोन आयोडिनची लहान बाटली घेतली व साऱ्यांची एक पेटी केली. तशीच एक पेटी आम्ही औषधालयाच्या खिडकीशी नमुन्यादाखल ठेवली आहे. मोहिमेस निघणाऱ्या संघांनी ती अवश्य पाहावी. पट्टी बांधण्याची रीत ड्रेसिंग विभागातील परिचारिका विनामूल्य दाखवितात.