पंखा ‘डायरेक्ट’ करण्याआधी

अंजनवेलच्या बाजूला इंजिनाची परीक्षा घेणाऱ्या जागा कमी नाहीत. खाडीकाठावरून सड्यावर चढणारा रस्ता आहे, आणि धोपावेच्या जेटीवर दाभोळच्या फेरीबोटीसाठी लागणारी गाड्यांची रांगही. गाडी ताशी पन्नासने धावत असली की समोरचा वाराच रेडिएटर थंड ठेवतो. पंखा लागतो तो गाडी उभी असताना, किंवा चिऱ्यांनी भरलेला टेम्पो पहिल्या गिअरमध्ये चढताना. जुन्या जीपचा पंखा पट्ट्यावर, इंजिनाच्याच वेगाने फिरायचा. रांगेत इंजिन मंद, म्हणून पंखाही मंद. विजेच्या पंख्याने ती अडचण सोडवली. तो कधी सुरू व्हायचा आणि कधी थांबायचा, हे कंट्रोलर ठरवतो.

गाडी दोनदा तापली की गॅरेजमध्ये सर्रास दोन उपाय होतात. थर्मोस्टॅट वॉल काढून टाकायचा आणि पंखा ‘डायरेक्ट’ करायचा, म्हणजे चावी फिरवली की अखंड चालू. वाटेत अडकलेल्याला घरी पोहोचायला हे ठीक. कायमचे म्हणून दोन्ही चूक, असे मी ठामपणे म्हणेन. इंजिन हवे तेवढे तापत नाही, आणि थंड इंजिनात इंधन नीट जळत नाही, ऑइलमधली ओल उडून जात नाही आणि झीज वाढते.

शिवाय रेडिएटरमधून किती उष्णता बाहेर पडेल, हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. मे महिन्यात बाहेर ३५ अंश असताना ८० अंशांच्या कूलंटला ४५ अंशांचा फरक मिळतो, ९५ अंशांच्या कूलंटला ६० चा. रेडिएटर तोच, वारा तेवढाच, पण उष्णता एक तृतीयांशाने जास्त बाहेर पडते. दाबाचे झाकण घट्ट असेल आणि पाण्यात निम्मे ग्लायकॉल असेल, तर कूलंट साधारण १२० अंशांपर्यंत उकळतही नाही. ९५ ला घाबरायचे कारण नाही.

म्हणून कंट्रोलर लावताना आधी थर्मोस्टॅट किती अंशांना उघडतो ते बघावे. बहुधा तो आकडा त्यावरच कोरलेला असतो. समजा तो ८२ आहे. पंखा ८० ला लावला, तर वॉल पुरता उघडलेलाही नसतो आणि पंखा थांबायचे नाव घेत नाही. सुरू होणे ९२-९५ ला आणि बंद होणे त्याच्या पाचेक अंश खाली, ही बऱ्याच गाड्यांना मानवणारी जुळणी. तरी कंपनीच्या पुस्तिकेतला आकडा वेगळा असेल, तर तोच खरा. दोन्हींतले अंतर फार कमी ठेवले, तर पंखा सारखा चालू-बंद होतो आणि रिलेचे पॉइंट जळतात.

कंट्रोलरच्या नॉबवरच्या खुणांवर विसंबू नये. रेडिएटरच्या जाळीत खोचलेला सेन्सर इंजिनातल्या तापमानापेक्षा कमीच दाखवतो. गाडी उभी करून इंजिन चालू ठेवावे, वॉल उघडून खालचा होज गरम होऊ द्यावा, तापमानाचा काटा नेहमीच्या जागेच्या जरा वर आला की पंखा सुरू होईपर्यंत नॉब हळूहळू फिरवावा. मग तो आपणहून थांबतो का, ते पाहावे. एसी लावल्यावर पंखा चाललाच पाहिजे. या वेळात पात्यांजवळ हात नेऊ नये. काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा अचानक फिरतो.

नवे कंट्रोलर पंख्याचा वेगही कमी-जास्त करतात, आणि तिथे मोठी बचत आहे. वेग निम्मा केला तर वारा निम्मा होतो, पण वीज साधारण एक अष्टमांशच लागते.

किनाऱ्यावर मात्र सेटिंगइतकीच काळजी अर्थिंगची घ्यावी लागते. सेन्सर तापला की त्याचा विद्युतरोध कमी होतो. अनेक सेन्सरमध्ये तो ९० अंशांना सुमारे २४० ओहम आणि १०० ला १९० च्या आसपास असतो. खाऱ्या हवेने अर्थच्या जोडावर चढलेल्या गंजाने ५० ओहमची भर घातली, तर कंट्रोलरला शंभर अंश नव्वदच वाटतात आणि पंखा उशिरा लागतो. तेव्हा नॉबला हात लावण्याआधी अर्थचा बोल्ट सोडून पॉलिश पेपरने घासावा, घट्ट आवळावा आणि वरून ग्रीस लावावे.