‘१२ टक्के फ्लॅट’ म्हणजे खरं किती? मोबाईलवरच मांडा हिशेब

दुचाकी किंवा जुना ट्रॅक्टर हप्त्यावर घेताना सांगतात, “फक्त १२ टक्के फ्लॅट.” म्हणजे महिना शेकडा एक रुपया. सावकारापेक्षा स्वस्त वाटतं आणि सही होऊन जाते. पण हा दर खरा किती पडतो, हे गूगल शीट्स या मोफत ॲपवर काढता येतं. अर्थशास्त्राची पोरं व्याजाचं जे गणित सूत्र म्हणून घोकतात, तेच इथे ओळीओळीने डोळ्यांसमोर घडतं.

समजा १ लाखाचं कर्ज, मुदत ३ वर्षं. व्याज ३६,०००. एकूण १,३६,००० भागिले ३६, हप्ता आला ३,७७८ रुपये. गोम अशी की मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर धरलेलं असतं.

आता शीट उघडा. अक्षरं आणि अंक इंग्रजी कीबोर्डवरून टाका. एफ१ या चौकटीत महिन्याचा दर ०.०१ लिहा. बी२ मध्ये १०००००. सी२ मध्ये व्याज: =बी२*$एफ$१. डी२ मध्ये शिल्लक: =बी२+सी२-३७७८. बी३ मध्ये =डी२ लिहा, सी२ आणि डी२ त्याच ओळीत खाली कॉपी करा. मग ही तिसरी ओळ कॉपी करून ३७व्या ओळीपर्यंत पेस्ट करा. डॉलरच्या खुणेमुळे दराची चौकट जागची हलत नाही. ती खूण विसरली की सगळा हिशेब बोंबलतो.

डी कॉलम बघा. ३१व्या हप्त्यालाच शिल्लक शून्याखाली जाते. म्हणजे दर खरंच १२ टक्के असता तर कर्ज तिथेच फिटलं असतं. इथे अजून ५ हप्ते बाकी आहेत!

आता एफ१ मधला दर थोडाथोडा वाढवत जा. ०.०१७७ केला की शेवटच्या ओळीत शिल्लक जवळपास शून्य होते. त्याला १२ ने गुणा: वर्षाला साधारण २१ टक्के. ‘रेट’ नावाचं फंक्शन हेच उत्तर एका फटक्यात देतं, पण एकदा हाताने केल्याशिवाय डोक्यात बसत नाही.

घटत्या शिल्लकीवर १२ टक्के असते तर हप्ता ३,३२१ रुपये बसला असता. ३ वर्षांत फरक १६ हजारांवर जातो.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ मुदत कर्जांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ हा कागद द्यावा लागतो. त्यात एपीआर, म्हणजे खर्चासकट वार्षिक दर लिहिलेला असतो. सहीआधी तो मागून घ्या आणि शीटमधल्या आकड्याशी ताडून बघा. फी आणि विमा धरल्यामुळे तो थोडा जास्तच दिसेल.