गाडीचं ट्यूनिंग: स्वतः करायचं की रिमोट ट्यूनरला पैसे द्यायचे?

फोनमध्ये कस्टम रॉम टाकताना तुमच्यापैकी कित्येकांनी हात पोळून घेतले असतील. मीही घेतलेत. तिथे फार तर फोन जातो. गाडीच्या ईसीयूमध्ये चुकीची फाइल टाकली तर पिस्टनला भोक पडू शकतं. म्हणून पैसे वाचवण्याआधी हे वाचा.

ट्यूनिंग म्हणजे नक्की काय?

ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. पेट्रोल किती सोडायचं, स्पार्क कधी द्यायचा, टर्बोचं प्रेशर किती ठेवायचं, याचे तक्ते त्यात असतात. त्यांना मॅप म्हणतात. हे आकडे बदलणं म्हणजे ट्यूनिंग. आकडा चुकला तर सिलिंडरमधलं उरलेलं मिश्रण मध्येच आपोआप पेटतं. याला नॉकिंग म्हणतात. ६००० आरपीएमला प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला ५० वेळा मिश्रण पेटतं, म्हणजे एक चूक किती वेळा घडते बघा.

माझी फजिती

माझ्याकडे सेकंडहँड टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे. नेटवर फुकट फाइल मिळाली, केबल होतीच, टाकून मोकळा झालो. दोन दिवस मजा आली. मग खंबाटकी घाटात चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला आणि डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला. पाय काढला, हळूहळू घरी आलो आणि मूळ फाइल परत टाकली. नंतर कळलं, ती फाइल ९८ ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बनवलेली होती. आपल्याकडचं साधं पेट्रोल त्याहून कमी ऑक्टेनचं. मूळ फाइलचा बॅकअप होता म्हणून वाचलो.

रिमोट ट्यूनर काय करतो?

तुम्ही गाडीतली मूळ फाइल वाचून त्याला पाठवता. तो सुरुवातीचा मॅप देतो. तो टाकून तुम्ही डेटा लॉग घेता, म्हणजे फुल थ्रॉटलवर आरपीएम, बूस्ट, स्पार्क टायमिंग, हवा-इंधन प्रमाण यांची नोंद. लॉग बघून तो सुधारित मॅप पाठवतो. अशा काही फेऱ्या होतात.

तुम्ही पैसे देता ते त्याच्या अनुभवाचे. त्याने तसंच इंजिन आधी अनेकदा पाहिलेलं असतं. पण त्याला तुमच्या गाडीचा आवाज ऐकू येत नाही. लॉगमध्ये नसलेली गोष्ट त्याच्यासाठी नसतेच. शिवाय इंधन कोणतं भरता ते त्याला सांगावंच लागतं. शुद्ध पेट्रोलला साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पट. ई२० मध्ये २० टक्के इथेनॉल असतं, हे परदेशातला ट्यूनर स्वतःहून धरेलच असं नाही.

स्वतः कधी करावं?

जुनी, टर्बो नसलेली प्रोजेक्ट कार असेल आणि स्पीडुइनोसारखा ओपन सोर्स ईसीयू बसवणार असाल, तर शिकायला यासारखी दुसरी शाळा नाही. वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर मात्र हवाच. स्वस्त ईएलएम३२७ डोंगल आणि मोबाइल ॲप ओळख करून घ्यायला ठीक, पण नोंदीचा वेग कमी पडतो आणि नॉकमुळे ईसीयूने टायमिंग किती मागे घेतलं हा आकडा साध्या ओबीडी यादीत नसतो. नेमका तोच आकडा सगळ्यात महत्त्वाचा!

रोज ऑफिसला नेायची एकच टर्बो गाडी असेल, तर तिच्यावर शिकू नका.

दोन्हीकडे हे पाळा

१. मूळ फाइलचा बॅकअप दोन ठिकाणी ठेवा.
२. फ्लॅश करताना बॅटरीला चार्जर किंवा स्थिर सप्लाय जोडा आणि लॅपटॉपचा स्लीप मोड बंद ठेवा. मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीयू ब्रिक होऊ शकतो.
३. आधी प्लग, कॉइल, लीकेज तपासा. आजारी इंजिन ट्यून करू नका.
४. फुल थ्रॉटल लॉग डायनोवर घ्या, रस्त्यावर नाही.
५. वॉरंटी आणि इन्शुरन्सच्या अटी वाचा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधनं घालतं, तेही बघा.

मग निवड कशी करायची?

स्वतःला एकच प्रश्न विचारा: मला माझा लॉग वाचता येतो का? 'नाही' असेल तर पैसे द्या. पण लॉग वाचायला तरीही शिका, कारण ट्यूनर कितीही चांगला असला तरी ॲक्सिलरेटरवर पाय तुमचाच असतो आणि कुठे थांबायचं ते त्या क्षणी तुम्हालाच कळायला हवं. मी शेवटी पैसे दिले. आता त्याच घाटात गाडी गपचूप चढते, आणि प्रत्येक नव्या मॅपचा लॉग पाठवण्याआधी मी स्वतः एकदा वाचतो.