तार भारी हवी, ताठ नको

गणपतीला पंधरा दिवस राहिले होते. मांजरीला माझ्या धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. स्वयंपाकघरात गॅसवर मोठं पातेलं चढवलेलं, झाकणाखालून वाफ येत होती. मला वाटलं, शोरबा असेल. झाकण उचलून पाहिलं, तर उकळत्या पाण्यात चार जाडजूड तारा वेटोळी घालून पडलेल्या! बहीण कपाळाला हात लावून म्हणाली, "बघा भाईजान, हा तुमच्या भाच्याचा शोरबा."

माझा भाचा दिवसा हडपसरला एका वर्कशॉपमध्ये काम करतो आणि संध्याकाळी एका ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवतो. बास म्हणजे गिटारचा थोरला भाऊ. तारा चारच, पण चांगल्या जाड. सगळ्यात जाड तार अडीच मिलिमीटरहून जास्त, म्हणजे साध्या गिटारच्या सगळ्यात बारीक तारेच्या जवळजवळ दहापट. ती मोकळी छेडली की सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते.

बास तुम्ही सगळ्यांनी ऐकलेली आहे, पण बहुतेकांनी ओळखलेली नाही. गाणं संपल्यावर गायकाला टाळ्या पडतात, बासरीवाल्याला दाद मिळते, ढोलकीवाल्याकडे पोरं बोट दाखवतात. बासवाला मागे, स्पीकरच्या सावलीत उभा असतो. मांजरीत रात्री मालगाडी जाते, तेव्हा आवाज कानावर येण्याआधी खाटेचे पाय हलके थरथरतात. बासचं काम तसंच. ती आधी अंगाला कळते, कानाला नंतर.

हे वाद्य फार जुनं नाही. अमेरिकेतल्या लिओ फेंडर यांनी १९५१ साली त्यांची 'प्रिसिजन बास' बाजारात आणली आणि तिथून बास गिटार जगभर पसरली. त्याआधी हे काम माणसाच्या उंचीचा डबल बास करत असे. आपल्या हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातही आधी डबल बास होता, मग बास गिटार आली. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बास वाजवत. ती गाणी आठवून पाहा. चालीच्या खाली कोणीतरी चालत असल्यासारखं वाटतं. ते चालणं म्हणजे बास.

आता पातेल्याकडे येऊ. ऑर्केस्ट्राच्या मालकांनी भाच्याला सांगितलं होतं, "तुझी बास कुठे ऐकूच येत नाही." तारा जुन्या झाल्या होत्या. वाजवताना बोटांचा घाम, मळ, कातडीचा कोंडा तारेच्या वेढ्यांत जाऊन बसतो आणि तार मुकी होत जाते. नवा संच महाग. म्हणून बासवाले कधी कधी तारा उकळतात. मळ निघतो आणि तार काही दिवस पुन्हा चमकदार बोलते. भाच्यानं तेच केलं. पण पुढच्या तालमीत मालक म्हणाले, "आता ऐकू येते, पण टोचते. जुन्या गाण्यांत खडखड करते. असंच चाललं तर बास कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातावर टाकतो."

ही नुसती धमकी नव्हती. हल्लीच्या कीबोर्डवर डाव्या हातानं बासचे सूर वाजवता येतात, आणि एका माणसाचं मानधन वाचतं. पोराच्या पोटावर पाय येत होता असं नाही, नोकरी होती. पण त्याच्या जिवाचा तुकडा जात होता. तो मला म्हणाला, "मामू, तुम्ही मिरजेचे. तुम्हाला तारांतलं कळत असेल ना?"

मी कविता लिहिणारा माणूस, बी.ए. झालेला. यंत्राच्या वाद्यांशी माझा संबंध नाही. पण मिरजेचं म्हटल्यावर गप्प बसवेना. लहानपणी आमच्या शेजारच्या गवई गुरुजींचा तंबोरा घेऊन मी सतारमेकर गल्लीत जात असे. मिरजेची ही कला दीडशे वर्षांहून जुनी. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतले फरीदसाहेब या वाद्यांकडे वळले आणि पुढे घराण्यांचं आडनावच 'सतारमेकर' झालं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले. १९३७ साली ते गेले आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना मूठमाती मिळाली. वाद्य दुरुस्त करण्यात आणि तंबोरा लावण्यातही त्यांचा हात मोठा होता. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

तंबोऱ्याला सहसा चार तारा. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या षड्जाच्या, शेवटची खर्जाची. जोडाच्या तारा पोलादी, पांढऱ्या. खर्जाची मात्र पिवळी, पितळेची. मी एकदा विचारलं, "चाचा, ही एकच तार पिवळी का?" कारागीर खुंटी पिळत म्हणाले, "बेटा, खर्ज की तार भारी होना, पर कडक नक्को." हे दख्खनी वाक्य मी चाळीस वर्षं फक्त एक सुंदर वाक्य म्हणून सांभाळलं होतं. भाच्यासाठी थोडी पुस्तकं चाळली, तेव्हा कळलं की यात तारेचं सगळं शास्त्र आहे.

तारेचा सूर खाली आणायला तीन वाटा आहेत. तार लांब करा, सैल करा किंवा जड करा. लांबीला हाताची मर्यादा आहे. बासची तार घोडीपासून वरच्या टोकापर्यंत साधारण ३४ इंच असते. त्याहून फार लांब केली तर बोटं पोचणार नाहीत. सैल केली तर ती लोंबते आणि पडद्यांवर आपटते. उरलं जड करणं. पण पोलादी तार नुसती जाड करत गेलात तर ती तार राहत नाही, गज होतो. गज वाकायला नाखूश असतो. तारेतून मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वरही निघतात. तार ताठ असली की हे उपस्वर आपली जागा सोडून वर सरकतात आणि सूर लोखंडावर हातोडी मारल्यासारखा लागतो.

मिरजेच्या कारागिरानं यावर पितळेचा उपाय केला. पितळ पोलादापेक्षा थोडं जड आणि ताठपणात जवळजवळ निम्मं. भारी आहे, कडक नाही. म्हणून तो खर्ज घुमतो आणि नीट लावला तर त्यातून कोणी न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

मग बासला पितळेची तार का लावत नाहीत? कारण बासचा कान लोहचुंबकाचा आहे. तारांखाली जो पिकअप असतो, त्यात चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. वर लोखंडाच्या जातीची तार हलली की गुंडाळीत वीज हलते आणि तीच स्पीकरपर्यंत जाते. नुसत्या पितळेला हा कान बहिरा. म्हणून बासवाल्यांनी दुसरी युक्ती वापरली. आत बारीक, लवचिक पोलादी तार ठेवायची आणि तिच्याभोवती दुसऱ्या तारेचे घट्ट वेढे द्यायचे. वेढ्यांनी वजन वाढतं, ताठपणा फारसा वाढत नाही. उपाय वेगळा, पण चाचांचं वाक्य तेच.

आणि हे वेढे कसे आहेत, यावर बोटाला काय लागेल आणि कानाला काय ऐकू येईल, ते ठरतं. वेढा गोल तारेचा असेल तर ती 'राउंडवाउंड'. बोट फिरवलं तर बारीक कानशीसारखी खरखरीत. नवख्याच्या बोटांना फोड येतात, पडदे झिजतात, बोट सरकलं की 'सर्र' असा आवाज येतो. पण सूर झळझळीत, लांबपर्यंत टिकणारा, प्रत्येक आघात स्पष्ट. १९६० च्या दशकात इंग्लंडच्या रोटोसाउंड कंपनीच्या अशा तारांनी आणि 'द हू' या बँडच्या जॉन एंटविसल यांच्या वादनानं बासला पुढे येऊन बोलायला शिकवलं.

वेढा चपट्या पट्टीचा असेल तर ती 'फ्लॅटवाउंड'. हात फिरवला तर पाटीसारखी गुळगुळीत. बहुधा ती जरा ताठर लागते, दाबायला जोर लागतो. सूर गोल, भरीव, आघात मऊ आणि आवाज लवकर विरणारा. उपस्वर कमी, मूळ सूर जास्त. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत बास वाजवणारे जेम्स जेमर्सन अशाच तारा वापरत. तार तुटेपर्यंत ते ती बदलत नसत अशी त्यांची ख्याती. त्या मुरलेल्या, थोड्या मुक्या तारांवरच त्यांचा तो प्रसिद्ध आवाज उभा आहे.

या दोहोंच्या मध्ये आणखी एक जात आहे. गोल वेढे देऊन वरून घासून सपाट केलेली. आणि एक काळी, वरून नायलॉनची पट्टी गुंडाळलेली. ती बोटाला सगळ्यात मऊ लागते आणि आवाजात डबल बासची आठवण देते. तिच्या पोटात धातू असतोच, त्यामुळे चुंबकाला ती कळते. वेढ्याचा धातूही बोलतो. स्टेनलेस स्टील बोटाला खरबरीत आणि आवाजाला तेज. निकेल त्यामानानं सौम्य. बारीक संच बोटाखाली सहज वाकतो पण खडखडतो, जाड संच घट्ट बसतो पण हात दमवतो.

यातलं चांगलं कोणतं? भाच्यानं हेच विचारलं. मी म्हटलं, "आधी सांग, कुठे वाजवायचंय?" कारण गंमत अशी की, छोट्या ट्रान्झिस्टरमधून ४१ कंपनांचा सूर नीट बाहेर पडतच नाही. त्याचे उपस्वर तेवढे बाहेर पडतात आणि आपला मेंदू त्यावरून खालचा सूर स्वतः जुळवून घेतो. उपस्वर कमी असले तर छोट्या स्पीकरवर बास हरवते. म्हणजे झळझळीत तारेलाही तिचं काम आहे. तंबोऱ्यात हेच काम जवारी करते. घोडीच्या पृष्ठभागाला बारीक उतार देऊन आणि तारेखाली दोरा सरकवून कारागीर मऊ पितळेतून उपस्वर फुलवतो. तिथे तार मऊ, धार घोडीला. बासमध्ये धार तारेलाच आणावी लागते.

पण मंडपात मोठे स्पीकर होते आणि कार्यक्रमातली दोन तृतीयांश गाणी साठ-सत्तरच्या दशकांतली. तिथे बासनं खाली अंथरूण घालायचं होतं, पुढे येऊन बसायचं नव्हतं. भाच्यानं दोन कार्यक्रमांचे पैसे घालून चपट्या वेढ्यांचा संच आणला. पहिले दोन दिवस कुरकुरला. म्हणाला, "मामू, हात दुखतो आणि बास झोपल्यासारखी वाटते." तिसऱ्या दिवशी त्याला कळलं की बोट घोडीजवळ नेऊन छेडलं की याच तारेला थोडी धार येते. नव्या गाण्यांना तो तसं वाजवू लागला. नव्या तारेची पूर्ण झळाळी त्यात नव्हती. ती त्यानं जाणूनबुजून सोडली.

कार्यक्रमाला मी गेलो होतो. मागच्या रांगेत बसलो. गाणी झाली, टाळ्या झाल्या, निवेदकानं सगळ्यांची नावं घेतली. बासबद्दल मालक काहीच बोलले नाहीत. निघताना भाच्याला फक्त म्हणाले, "शनिवारी साडेसहाला ये."

पुढच्या वेळी मंडपात उभे असाल, तर दोन मिनिटं गायकाला सोडा. गाण्याच्या सगळ्यात खालच्या मजल्यावर काय चाललंय, ते ऐका. तिथे एक जाड तार सगळ्यांचं ओझं उचलून थरथरत असते. ती ताठ असती, तर तिला ते जमलं नसतं.

बहिणीनं ते पातेलं मात्र अजून स्वयंपाकाला वापरलेलं नाही.