झाडू कोणाच्या हाती? जपान व मराठवाडा येथील एका नित्यमूल्याची तुलना

परभणी, पूर्णा, जिंतूर, गंगाखेड या परिसरातील विहारांत वर्षावासाच्या काळात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. वाचनानंतरच्या चर्चेत जपानचा उल्लेख हमखास निघतो. ते स्वाभाविकही आहे. नागपूरला कर्मभूमी मानणारे भदंत सुरई ससाई मूळचे जपानी होत आणि कामठी येथील ड्रॅगन पॅलेस विहार १९९९ साली जपानी साहाय्याने उभे राहिले. जपानी माणूस बौद्ध आहे म्हणून तो स्वच्छ व शिस्तप्रिय आहे. मग आपण बौद्ध होऊनही आपल्या वस्त्या तशा का नाहीत, असा प्रश्न उपासक विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे. परंतु त्यातील कार्यकारणभाव तपासून घ्यावयास हवा, असे आम्हांस वाटते.

प्रथम साम्य पाहू. जपानी घरात ‘गेनकान’ म्हणजे दारालगतच्या सखल जागेत पादत्राणे काढून ठेवतात. मराठवाड्यातील साध्या मातीच्या घरातही चपला दाराबाहेरच राहतात आणि सडासारवणाने दिवस सुरू होतो. घर स्वच्छ ठेवण्याचे मूल्य उभयतांत आहे. भेद दिसतो तो घराबाहेर. जपानी शाळांत विद्यार्थी ठरलेल्या वेळी आपला वर्ग, जिना व पुष्कळदा स्वच्छतागृहही स्वतः झाडून-पुसून काढतात. त्यास ‘सोजी’ म्हणतात. झेन विहारांत झाडलोट व शेतकाम यांस ‘सामू’ असे नाव असून ते साधनेचेच अंग मानले जाते.

आपल्याकडे गावगाड्याने झाडूलाच जात दिली. चावडी झाडणे, मेलेली जनावरे ओढणे ही कामे जन्मावरून लादली गेली. घाण करणारा शुद्ध राहिला आणि ती काढणारा अशुद्ध ठरला. मार्च १९२७ मध्ये महाड येथील परिषदेत बाबासाहेबांनी असली हीन मानली गेलेली कामे व मृतमांस सोडण्याचा उपदेश केला, तो या सक्तीविरुद्ध होता. ज्या आजोबांनी गावकीचे काम टाकले, त्यांच्या दृष्टीने झाडू खाली ठेवणे हीच मुक्तीची खूण होती. जपानी विद्यार्थ्याच्या झाडूला अशी स्मृती चिकटलेली नाही. हा इतिहास वगळून केलेली तुलना आपल्या लोकांवर अन्याय करणारी ठरते.

तथापि जपानचा इतिहासही निष्कलंक नाही. चर्मकाम, पशुवध, प्रेतांची विल्हेवाट ही कामे करणाऱ्यांना तेथेही ‘केगारे’ म्हणजे विटाळाच्या कल्पनेने वेगळ्या वस्त्यांत राहावे लागले. यांचे वंशज ते बुराकुमिन होत. १८७१ साली शासनाने हा भेद कायद्याने रद्द केला. व्यवहारात तो उरला. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे त्यांनी ‘सुइहेइशा’ ही संघटना स्थापन केली. ‘सुइहेइ’ याचा अर्थ पाण्याची समपातळी. पाच वर्षांनी चवदार तळ्यावर पाण्याच्याच साक्षीने समतेचा संगर झाला, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. अधिक क्लेशदायक बाब अशी की, काही बौद्ध विहारांनी बुराकुमिनांना मरणोत्तर दिलेल्या धम्मनामांतही हीनतादर्शक अक्षरे घातली होती. तेव्हा बौद्ध देश म्हणविल्याने समता आपोआप येत नाही.

मग कसोटी कोणती? ती पालि विनयात सापडते. महावग्गात अतिसाराने आजारी, स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या भिक्खूची कथा आहे. भगवंतांनी आनंदासह त्याला स्वतःच्या हातांनी धुतले आणि शय्येवर निजविले. चुल्लवग्गातील वत्तक्खंधकात वच्चकुटीचे म्हणजे शौचकूपाचे नियम आहेत. भिक्खू तेथे ज्येष्ठतेनुसार जात, त्यामुळे आधी आलेल्या नवदीक्षितांना ताटकळावे लागे. भगवंतांनी तो क्रम मोडून, जो आधी येईल तो आधी जाईल, असा नियम केला. आणि जागा अस्वच्छ दिसल्यास ती झाडण्या-धुण्याचे काम तेथे येणाऱ्यावरच सोपविले. कोमेजलेली फुले झाडून पोट भरणारा सुनीत याच संघात थेर झाला. येथे स्वच्छतेचे मूल्य समतेपासून वेगळे काढता येत नाही.

आपल्या देशात हाताने मैला साफ करविण्यास प्रतिबंध करणारे कायदे १९९३ व २०१३ साली झाले. तरीही गटारात उतरलेले कामगार दगावल्याच्या वार्ता थांबलेल्या नाहीत. अशा स्थितीत जपानकडून नुसती टापटीप उचलणे अपुरे आहे. घ्यावयाची ती वाटून घेतलेल्या श्रमाची रीत; आणि ती विनयात मुळातच आपली आहे.

तिचा आरंभ विहारापासून व्हावा. पौर्णिमेच्या वंदनेपूर्वी आपले विहार कोण झाडते, हे प्रत्येक शाखेने एकदा पाहावे. बहुतेक ठिकाणी ते काम उपासिकांवर येऊन पडते आणि पदाधिकारी नंतर आसनस्थ होतात. अध्यक्ष, शिक्षक, नोकरदार, विद्यार्थी, स्त्री व पुरुष या सर्वांची पाळी लावावी. स्वेच्छेने व समान पाळीने उचललेला झाडू गावकीचा राहत नाही, तो संघाचा होतो. आजोबांनी टाकलेला झाडू नातवाने असा हाती घेतला, तर त्यात आजोबांच्या निर्णयाचा अवमान नाही. उलट तो निर्णय पूर्णत्वास जातो, असे आम्ही मानतो.