हौशी पोरांनी गाजवलेला चषक

जर्मनीत फुटबॉलच्या राष्ट्रीय चषकाबद्दल एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं: चषकाचे कायदे वेगळे. 1992-93 च्या हंगामाने ते जितकं खरं करून दाखवलं, तितकं क्वचितच दुसऱ्या कुठल्या हंगामाने दाखवलं असेल.

ही बाद फेरीची स्पर्धा 1935 मध्ये सुरू झाली आणि पहिला चषक न्यूरेंबर्गने नेला. बुंडेसलिगा आणि दुसऱ्या श्रेणीतले क्लब तिच्यात असतातच. शिवाय प्रादेशिक चषक जिंकून आलेले छोटे संघही असतात. चिठ्ठी निघेल त्या प्रतिस्पर्ध्याशी खेळायचं, हरला की घरी. छोट्या संघाची गाठ व्यावसायिक संघाशी पडली, तर सामना छोट्याच्या मैदानावर होतो. या एका नियमाने कितीतरी बड्यांना घाम फोडला आहे.

त्या हंगामात हर्था बर्लिनचा मुख्य संघ दुसऱ्या श्रेणीत होता. पण कमाल केली ती त्याच क्लबच्या राखीव संघाने. तिसऱ्या श्रेणीत खेळणारा हा हौशी संघ, प्रशिक्षक योखेम त्सिगर्ट. लाइपझिगला त्यांनी 4-2 ने हरवलं. तेच लाइपझिग त्या हंगामाअखेर बुंडेसलिगात गेलं. मग आदल्या वर्षीचा विजेता हॅनोव्हर समोर आला आणि 4-3 ने गारद झाला. उपांत्यपूर्व फेरीत बुंडेसलिगातलं न्यूरेंबर्ग 2-1 ने पडलं, उपांत्य फेरीत केमनिट्झही 2-1 ने. बर्लिनची भिंत कोसळून चार वर्षंही झाली नव्हती. लाइपझिग आणि केमनिट्झ ही पूर्वीच्या पूर्व जर्मनीतली शहरं, बर्लिनच्या पोरांशी एकाच चषकासाठी झुंजत होती.

अंतिम सामना 12 जून 1993 रोजी बर्लिनच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये झाला. 1985 पासून तो तिथेच होतो, आणि हर्थाचं घरचं मैदानही तेच. गोलजाळ्यात होता 18 वर्षांचा ख्रिस्तियान फीडलर, संघात 19 वर्षांचा कार्स्टन रामेलो. समोर होतं बायर लेव्हरकूझन, औषध कारखान्यातल्या कामगारांनी 1904 मध्ये उभा केलेला क्लब. त्यांचा आघाडीवीर उल्फ कीर्स्टन त्या मोसमात बुंडेसलिगात 20 गोल करून सर्वाधिक गोल करणाऱ्यांत संयुक्तपणे पहिला होता. अशा माणसाला या पोरांनी तास-सव्वातास रोखून धरलं. शेवटी 77व्या मिनिटाला त्यानेच गोल केला आणि लेव्हरकूझन 1-0 ने जिंकलं. क्लबचा हा पहिलाच जर्मन चषक.

पोरं हरली, पण वाया गेली नाहीत. फीडलर पुढे वर्षानुवर्षं हर्थाकडून खेळला. रामेलो नंतर लेव्हरकूझनमध्येच दाखल झाला आणि 2002 मध्ये ब्राझीलविरुद्ध विश्वचषकाचा अंतिम सामना खेळला. हर्थाचा मुख्य संघ मात्र 1977 आणि 1979 च्या अंतिम सामन्यांत हरला. चषक त्याला कधी मिळाला नाही.

2008-09 पासून राखीव संघांना या स्पर्धेची दारं बंद झाली. एकाच क्लबचे दोन संघ एका चषकात नकोत, हे म्हणणं रास्तच आहे. पण त्या नियमामुळे आता एक गोष्ट पक्की झाली आहे: जर्मन चषकाच्या अंतिम फेरीत पोचलेला राखीव संघ एकच, आणि तो 1993 चा.