सोसावे की दाद मागावी? पेत्राच्या पहिल्या पत्रातील एक कठीण वचन



गेल्या उन्हाळ्यात एका मंडळीत कार्याचा अहवाल सांगण्यासाठी गेले होते. उपासनेनंतर चहाच्या वेळी एका वयस्कर बंधूंनी मला बाजूला घेऊन विचारले, "ताई, तुम्ही आदिवासी लोकांना कचेरीत अर्ज करायला शिकवता, ते ठीक आहे. पण शास्त्र तर आपल्याला सोसायला सांगते ना?" हा टोमणा नव्हता. हे बंधू अनेक वर्षे आपल्या पेन्शनमधून या कार्याला न चुकता दान पाठवत आले आहेत. मी घाईघाईने काहीतरी उत्तर दिले आणि गाडी पकडायला निघाले. त्यांना द्यायचे राहिलेले नीट उत्तर म्हणजे हा लेख आहे.

पण आधी माझी एक चूक सांगते.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. ईश्वरविज्ञानाचा डिप्लोमा नुकताच हातात आला होता आणि रायगड जिल्ह्यातील कातकरी वाड्यांवर माझे काम सुरू झाले होते. तिथली बरीचशी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जाण्याआधी मुकादमाकडून उचल घेतात, कारण पावसाळ्यात घरात दाणा नसतो. भट्टीवर आठवड्याला खर्ची मिळते. हजार विटांमागे जो दर ठरलेला असतो, त्याचा हिशेब हंगामाच्या शेवटी होतो. तो हिशेब मुकादमाच्या वहीत असतो, आणि ती वही मजुराला बहुतेक वेळा वाचता येत नाही.

त्या वर्षी जूनमध्ये एक जोडपे परत आले. दोघेही आमच्या प्रार्थना सभेला येणारे. सहा-सात महिने रात्री उठून चिखल तुडवला, विटा पाडल्या, आणि शेवटी मुकादम म्हणाला की उचल अजून फिटलेली नाही, पुढच्या हंगामात यावेच लागेल. नवऱ्याने वही पाहायला मागितली तेव्हा चार लोकांसमोर त्याच्या कानाखाली मारली. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ताई, आता काय करू?"

मी पेत्राचे पहिले पत्र उघडले. दुसरा अध्याय, अठराव्या वचनापासून. घरच्या चाकरांनी धन्यांच्या अधीन असावे, धनी कठोर असला तरी. चांगले करूनही मार खावा लागला आणि तो सहन केला तर ते देवाला पसंत आहे. मी ते सावकाश, मन लावून वाचले, प्रार्थना केली. तो मान खाली घालून ऐकत होता. त्याच्या बायकोने मात्र विचारले, "ताई, हे तुम्ही शेठलाही वाचून दाखवता का?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढच्या दिवाळीनंतर ते दोघे त्याच भट्टीवर गेले. चौथीत शिकणारी मुलगीही बरोबर गेली, धाकट्या भावाला सांभाळायला. तिची शाळा तिथेच संपली.

या बाईंच्या प्रश्नाने मला ते पत्र पुन्हा वाचायला लावले. पेत्राने ते पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया आणि बिथुनिया या प्रांतांत विखुरलेल्या विश्वासणाऱ्यांना लिहिले. हे सगळे प्रांत आजच्या तुर्कस्तानात येतात. तिथल्या मंडळीत दासदासी होते, आणि रोमी राज्यात दासाला काय हक्क होता? त्याचे लग्न कायद्याने लग्न मानले जात नसे. त्याची मुले धन्याची मालमत्ता. न्यायालयात त्याची साक्ष हवी असली तर ती छळ करून घेण्याची पद्धत होती. ज्याच्यापुढे दाद मागावी असा कोणीच नव्हता, अशा माणसांना पेत्र लिहीत होता. अशा माणसाला तो म्हणत नाही की तुझा धनी बरोबर आहे. तो म्हणतो की हा मार अन्यायाचा आहे, आणि देव तो पाहतो आहे. ज्यांना घरात कोणी मोजत नव्हते, त्यांना तो नावाजून, थेट उद्देशून बोलतो. हे समजल्यावर ते वचन मला फार वेगळे वाटू लागले.

त्या भागातले आणखी एक चित्र इतिहासात उरले आहे. पत्रानंतर काही दशकांनी, इ. स. ११२ च्या सुमारास, धाकटा प्लिनी नावाचा रोमी अधिकारी बिथुनिया-पंत या प्रांताचा कारभार पाहत होता. ख्रिस्ती लोकांचे काय करावे, असे विचारणारे त्याचे सम्राट ट्राजनला लिहिलेले पत्र आजही उपलब्ध आहे. हे लोक करतात तरी काय, हे शोधण्यासाठी त्याने दोन दासींचा छळ करून चौकशी केली. मंडळीत त्यांना 'सेविका' म्हणत, असे तो लिहितो. त्याला काय सापडले? हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात, आणि चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, कोणाची ठेव बुडवणार नाही अशी शपथ घेतात. एवढेच. त्या दोघींची नावे त्याने लिहिली नाहीत. पेत्राचे पत्र ज्या मंडळ्यांत वाचले गेले, तिथल्याच त्या असतील का, कोणास ठाऊक. पण सोसणे म्हणजे काय, हे मला त्या दोघींकडून ऐकायला आवडेल, माझ्यासारखीकडून नव्हे.

आता त्या उताऱ्यातला माझा आवडता शब्द. एकविसाव्या वचनात आपल्या मराठी बायबलमध्ये म्हटले आहे की ख्रिस्ताने आपल्यासाठी 'कित्ता' घालून दिला. भाषांतरकारांचे कौतुक करावे तेवढे थोडे, कारण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ अगदी हाच आहे: मुलांनी गिरवण्यासाठी गुरुजींनी लिहून दिलेली अक्षरे. आपल्या पिढीने पाटीवर गिरवले आहे. कित्ता गिरवताना एकच रेघ घेऊन चालत नाही, पूर्ण अक्षर गिरवावे लागते.

मग ख्रिस्ताच्या कित्त्यातले पूर्ण अक्षर कोणते? त्याची निंदा झाली तेव्हा त्याने उलट निंदा केली नाही, धमक्या दिल्या नाहीत, स्वतःला यथार्थ न्याय करणाऱ्याच्या हाती सोपवले. हे पेत्र सांगतो. पण योहानाचा अठरावा अध्यायही उघडा. प्रमुख याजकापुढे एका शिपायाने प्रभूला चपराक मारली. प्रभू गप्प बसला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, आणि बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस, असे त्याने विचारले. शिवी नाही, शाप नाही, हात उगारणे नाही. पण प्रश्न आहे, आणि तो सरळ मारणाऱ्याच्या तोंडावर आहे. कानाखाली खाल्लेल्या त्या कातकरी भावाला मी हा भाग वाचून दाखवायला हवा होता.

आणखी एक गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही. पेत्राने हे पत्र सिल्वानाच्या हातून लिहिले, असे पाचव्या अध्यायाच्या बाराव्या वचनात आहे. हा सिल्वान म्हणजेच प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातला सीला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तसे असेल तर पाहा: हा तोच माणूस, ज्याला फिलिप्पै येथे पौलाबरोबर चौकशीशिवाय छड्या मारून तुरुंगात टाकले होते. मध्यरात्री दोघे तुरुंगात गीते गात होते, हे आपण दर वर्षी ऐकतो. सकाळचा प्रसंग मात्र आपल्या उपदेशातून राहून जातो. अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला की त्यांना सोडून द्या. पौलाने जायला नकार दिला. आम्ही रोमी नागरिक आहोत, आम्हाला चारचौघांत मारले आणि आता गुपचूप घालवता काय, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावे. आणि अधिकारी आले. रात्री स्तोत्र गाणारी आणि सकाळी कायद्याने दिलेला हक्क मागणारी माणसे तीच होती. पुढे पौलाने फेस्तापुढे कैसराकडे दाद मागितली, तीही याच हक्काने.

आमच्या लोकांना हा हक्क आहे. भारताच्या संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला मनाई केली आहे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे कर्जच रद्द ठरवले आहे, म्हणजे उचल फिटली नाही म्हणून माणसाला बांधून ठेवता येत नाही. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये म्हटले आहे. हा कायदा अमलात आणण्याची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर आहे. पेत्राच्या काळातील दासाला यातले काहीच नव्हते. त्याच्यासाठी लिहिलेला धीर उचलून, ज्याला दाद मागता येते त्याचे तोंड बंद करण्यासाठी वापरणे, हे मी केले होते.

आणि त्या बाईंच्या प्रश्नाला शास्त्रात उत्तर होते. कलस्सैकरांस पत्र ४:१ मध्ये धन्यांना आज्ञा आहे की आपल्या दासांशी न्यायाने व समतेने वागा. इफिस ६:९ मध्ये धमकावणे सोडा असे आहे. याकोब ५:४ तर अंगावर काटा आणणारे आहे: अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ती हाक परमेश्वराच्या कानी जाते. त्या दिवशी माझ्या हातात तेच बायबल होते. काही पाने मागेपुढे उलटायची होती.

जाता जाता घरातल्या मारहाणीबद्दल. पेत्राचा तिसरा अध्याय दाखवून नवऱ्याचा मार खाणाऱ्या बहिणीला परत पाठवणारे पुढारी मी पाहिले आहेत. त्याच अध्यायाचे सातवे वचन नवऱ्यांसाठी आहे, आणि बायकोला मान दिला नाही तर प्रार्थनेला अडथळा येतो, असे ते सांगते. ते कोणी मोठ्याने वाचत नाही.

याला दुसरी बाजू आहे, आणि ती लिहिली नाही तर मी प्रामाणिक राहणार नाही. आपल्याला होणारा प्रत्येक त्रास ख्रिस्तासाठी असतो असे नाही. ४:१५ मध्ये पेत्र खुनी आणि चोर यांच्या रांगेत दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणाऱ्यालाही बसवतो. एका पाड्यावर नव्याने विश्वासात आलेल्या कुटुंबाला शेजाऱ्यांनी हातपंपावर पाणी भरू देणे बंद केले. आमच्याकडे निरोप आला तो 'छळ सुरू झाला' असा. मी जाऊन बसले, सगळ्यांचे ऐकले. गावदेवाच्या सणाची वर्गणी त्यांनी दिली नव्हती, हे खरे. पण घरातल्या तरुणाने सणाच्या दिवशी देवाची टिंगल केली होती, हेही खरे. पाणी अडवणे चूकच होते आणि तसे मी तिथे स्पष्ट बोलले. तरुणाला मात्र आधी म्हाताऱ्या मंडळींची क्षमा मागायला लावली. त्याला ते जड गेले. पूजेची वर्गणी कुटुंबाने पुढेही दिली नाही, पण विहिरीचा गाळ काढायला त्या घरातले तिघे गेले. पाणी सुरू झाले. आपल्या आशेविषयी उत्तर देताना ते सौम्यतेने द्यावे, असे ३:१५ मध्ये पेत्र सांगतो. ते नियम म्हणून पाठ असते, जिभेवर यायला वेळ लागतो.

आता ते वीटभट्टीचे जोडपे. काही वर्षांनी वाडीतल्या इतर कुटुंबांबरोबर त्यांनीही अर्ज दिला. मी सोबत होते. कचेरीत खेपा किती झाल्या ते मोजले नाही. चौकशीच्या दिवशी मुकादम सगळ्यांसमोर त्या बाईंना नको ते बोलला. मीच रागाने थरथरत होते. त्या उभ्या राहून एवढेच म्हणाल्या, "साहेब, आमचा हिशेब दाखवायला सांगा." बाहेर आल्यावर मी विचारले, तुम्ही उलट काहीच कसे बोलला नाहीत? त्या म्हणाल्या, "शिव्या देऊन विटा मोजल्या जात नाहीत, ताई. आणि तुम्हीच तर ते वाचलं होतं." त्या वाचनाबद्दल मी त्यांची क्षमा मागितली होती. त्यांनी क्षमा केली होती, पण ते वचनही सोडले नव्हते. ते त्यांनी स्वतःसाठी ठेवून घेतले होते.

उचलीचा तगादा थांबला. मागच्या मजुरीतला थोडा भाग मिळाला, बाकीचा मिळालेला नाही आणि मिळेल असे मला वाटत नाही. मुकादमाच्या नावाने वाडीच्या प्रार्थनेत अजून प्रार्थना होते. ती त्या भावानेच सुरू केली आणि मला सुरुवातीला ती म्हणवत नसे.

त्यांची मुलगी आता दोन लेकरांची आई आहे. चौथीपर्यंत शिकली, तेवढ्यावर अंक लिहिता येतात. या दिवाळीनंतर वाडीतली अकरा कुटुंबे भट्टीवर निघतील, तेव्हा प्रत्येक घराच्या विटांचा आणि खर्चीचा रोजचा आकडा ती लिहिणार आहे. तिला शंभर पानी वह्या हव्या आहेत, प्लॅस्टिकचे कव्हर असलेल्या, कारण भट्टीवर सगळीकडे चिखल असतो. ज्यांना पाठवता येतील त्यांनी दिवाळीपूर्वी कार्यालयात पोहोचवाव्यात, आणि त्या अकरा घरांची आपल्या प्रार्थनेत आठवण ठेवावी.